रस प्या, पण चोथा टाकू नका

पुण्यात एका टेकडीच्या पायथ्याशी सकाळी माझं ज्यूसचं टेबल असतं. पहिली मंडळी अंधारातच वर जाऊन खाली येतात, म्हणून उजाडायच्या आत भाज्या धुऊन, चिरून तयार ठेवाव्या लागतात. आल्या आल्या बरेच जण विचारतात, "ताई, सगळ्यात ताकदीचा ज्यूस कोणता?" मी उलट विचारते, "काल दिवसभरात काय खाल्लंत?" बटाट्याची भाजी, पोळी, वरण-भात असं उत्तर आलं की गाजर-आवळा घ्या म्हणते. घरात रोज पालेभाजी होत असेल तर त्यांना हिरव्या रसाची तशी गरजच नसते. ताटात जे कमी पडतं ते रसातून भरून काढायचं. ताटच बाजूला सारून रसावर राहायला मी कुणालाच सांगत नाही, मग माझा एखादा पेला कमी खपला तरी चालेल.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहाराच्या सूचनांत मोठ्या माणसाला दिवसाकाठी साधारण ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्यात, त्यांत शंभरेक ग्रॅम पालेभाजी. आता आपल्याकडचा हिशोब करा. चौघांच्या घरात एका वेळेला पाव किलो गवार आणली, तर प्रत्येकाच्या वाट्याला साठ-पासष्ट ग्रॅम येते. संध्याकाळी नुसती खिचडी झाली की दिवस तेवढ्यावरच भागतो. एक पेला रस आणि त्याच्या चोथ्याची दोन थालीपिठं एवढं जरी रोजच्या खाण्यात आलं, तरी माणशी सव्वाशे ग्रॅम भाजी सहज वाढते. हे दोन्ही मिळून वाढते, नुसत्या रसाने नाही.

भाजी वाटली की तिच्या पेशी फुटतात आणि आतलं सत्त्व मोकळं होतं. गाजरातलं बीटा कॅरोटीन, ज्याचं आपलं शरीर अ जीवनसत्त्व करतं, ते पेशींच्या भिंतींआड अडकलेलं असतं. कच्चं गाजर घाईघाईत दोनदा चावून गिळलं तर त्यातलं बरंचसं तसंच पुढे जातं. ज्यांना कवळी आहे, ज्यांना चावायचा कंटाळा आहे, जी मुलं ताटातली भाजी वेचून बाजूला काढतात, त्यांना रसाचा खरा उपयोग. पण रस गाळला की तंतू मागे राहतात. चोथ्याचा रंग नीट बघा, गाळून पिळून झाल्यावरही तो चांगला केशरी असतो. तो रंग म्हणजे उरलेलं कॅरोटीनच आहे, आणि ते आपण ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकतो.

काय लागतं

घरातला मिक्सर आणि एक सुती पंचा. दोन-तीन माणसांना याहून जास्त काही लागत नाही. हळू फिरणारे महागडे ज्यूसर येतात, त्यांत रस जास्त निघतो आणि फेस कमी येतो हे खरं, पण रोज पाच-सहा जणांसाठी करणार असाल तरच ते परवडतं. नाहीतर दोन महिन्यांत ते माळ्यावर जातं. एकट्यापुरता रस हवा असेल तर बारीक किसणीवर गाजर किसा, पंच्यात घ्या आणि पिळा. वीज नसली तरी होतं.

पंचा जुना, धुवट, पांढरा घ्या. नव्या कापडाला खळ असते. वापरण्याआधी तो पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्या, कोरडा पंचा निम्मा रस स्वतःच पितो.

धुण्याकडे मी जास्त लक्ष देते, कारण रसाला चूल लागत नाही. भाजी शिजताना जे जंतू मरतात ते रसात जिवंत राहतात. आधी वाहत्या पाण्याखाली माती काढायची. मग एक लिटर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचं आणि पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढायचं. वरवरची फवारणी यात बऱ्यापैकी निघते. आत शिरलेली निघत नाही, म्हणून गाजर-बीट सोलूनच घ्या. पालेभाजीची जुडी सोडा, मुळं कापा, आणि एकेक काडी मोकळी करून पातेल्यात बुडवा. पाला वर उचलून घ्यायचा, पाणी पाल्यावर ओतायचं नाही, नाहीतर तळाची रेती परत पाल्यावर येते. पातेल्याच्या तळाला बोट फिरवून कचकच लागली नाही की धुणं झालं. आमच्या टेबलावर प्यायचंच पाणी वापरते आणि बर्फही त्याच पाण्याचा घरून नेते. घरी करतानाही हाच नियम.

गाजर, बीट, आवळा

थंडी पडली की लाल लांब गाजरं येतात, हलव्याची. केशरी गाजरं बाराही महिने मिळतात. लाल गाजराला रंग मुख्यतः लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोत असतं तेच. केशरीत बीटा कॅरोटीन जास्त. रसाला दोन्ही चालतात. लाल गोड लागतं, रसही भरपूर सुटतो. मुठीत धरल्यावर कडक लागतं, वाकत नाही असं गाजर घ्या. मधला दांडा जून, पांढरा झालेला असेल तर ते गाजर कोशिंबिरीलाही जात नाही, रसाला तर नाहीच.

दोन पेल्यांसाठी तीन मध्यम गाजरं घ्या, अंदाजे पाव किलो. अर्धं बीट, एक मोठा आवळा, एक लालभडक टोमॅटो, बोटाच्या पेराएवढं आलं. बीट यापेक्षा वाढवू नका, मातकट वास सगळ्यावर चढतो. आवळ्याच्या फोडी बीपासून सोडवून घ्या, आणि लोखंडी विळीवर चिरू नका. काळा पडतो आणि विळीची चव रसाला लागते. स्टीलची सुरी घ्या.

गाजर-बीटाचे तुकडे वालाएवढे बारीक करा. मोठे तुकडे भांड्यात नुसते नाचत राहतात. आधी गाजर, बीट, आवळा, आलं आणि पाऊण वाटी गार पाणी. मिक्सर एकसलग फिरवायचा नाही, तीन-चार वेळा थांबून थांबून झटके द्यायचे, झाकण उघडून कडेचं खाली ढकलायचं, मग टोमॅटो घालून अर्धा मिनिट फिरवायचं. चिमटीत घेऊन बघा. बारीक रव्यासारखं लागलं पाहिजे, कणी उरता कामा नये.

पातेल्यावर ओला पंचा पसरा, त्यात लगदा घाला, चारही टोकं गोळा करून पीळ द्या. पहिला दाट रस आपोआप गळतो. मग वरून पीळ चढवत जा आणि दुसऱ्या हाताने खालचा गोळा दाबा. चोथा हातात घेऊन मुठीत आवळला आणि बोटांच्या फटींतून थेंब आला नाही की झालं. तोच चोथा पाव वाटी पाणी घालून एकदा परत फिरवून पिळता येतो, त्याचा पातळ रस पहिल्यात मिसळायचा. चिमूटभर मीठ, दोन-तीन मिऱ्यांची पूड. साखर नाही, मधही नाही. गाजर-बीट मुळातच गोड आहेत.

बीट प्यायल्यावर लघवी किंवा शौच गुलाबी-लालसर होऊ शकते. दरवर्षी कुणीतरी घाबरून मला विचारायला येतं. तो बीटाचा रंग असतो, दुसऱ्या दिवशी जातो. बीट न खाताही तसं झालं तर मात्र डॉक्टरकडे जा. बीटातल्या नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. ज्यांचा मुळातच कमी असतो किंवा ज्यांना दाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हा रस रोज घ्यायचा असेल तर आधी आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावं.

अनशापोटीचं स्तोम

रस अनशापोटीच प्यायचा, त्यानंतर तासभर काही खायचं नाही, असं पुष्कळांनी पक्कं धरलेलं असतं. गाजराच्या बाबतीत हे उलटंच आहे. बीटा कॅरोटीन तेला-तुपात विरघळतं, पाण्यात नाही. पोटात स्निग्ध काही नसेल तर ते फारसं अंगी लागत नाही. त्यामुळे माझ्या टेबलावर भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा असतो आणि गाजराच्या पेल्याबरोबर मी मूठभर दाणे हातावर ठेवते. घरी त्याहून सोपं आहे. रस नाश्त्याबरोबर घ्या. पोह्यांच्या फोडणीतलं तेल, पोळीवरचं तूप, जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी, एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट चहाची. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. आपल्या जेवणात लोह नसतं असं नाही. बाजरी, नाचणी, मेथी, मटकी यांत ते असतं, पण वनस्पतींमधलं लोह आतड्यांत नीट शोषलं जात नाही. क जीवनसत्त्व जोडीला आलं की शोषण वाढतं, आणि चहा आला की घटतं. म्हणून बायकांना मी आवळ्याचा रस वेगळा काढून देते आणि सांगते, सकाळी पिऊ नका, दुपारी बाजरीची भाकरी आणि मेथीच्या भाजीबरोबर घ्या. एक आवळा किसून पिळला की दोन-तीन चमचे रस येतो, त्यात अर्धा पेला पाणी, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. भाकरी तीच, भाजी तीच, पण तिच्यातलं लोह आता अंगी लागतं. मला विचाराल तर रसाचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, शेजारच्या घासाला मदत करण्याचा. आवळा संपला की लिंबू आहे, उन्हाळ्यात कैरी आहे.

हिरवा रस

कोथिंबिरीचे देठ टाकू नका, कोवळ्या देठांत वासही असतो आणि रसही. मूठभर कोथिंबीर देठांसकट, अर्धी मूठ पुदिना, कढीपत्त्याची आठ-दहा पानं, एक काकडी, अर्धं लिंबू. काकडीत क जीवनसत्त्व मोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, वाटल्यावर ते कामाला लागतं. आंबटपणाने त्याला लगाम बसतो, म्हणून लिंबू शेवटी वरून पिळायचं नाही, वाटतानाच घालायचं. हा रस मी गाळत नाही. थेट वाटीभर ताज्या ताकात घालून घुसळते. ताकातल्या लोण्याचा अंश, कोथिंबिरीचा हिरवा रंग, वर सैंधव. उन्हाळ्यात यापुढे दुसरं काही नको.

पालकाचं वेगळं. पालकात ऑक्झलेट, म्हणजे ज्यातून मूतखडा होऊ शकतो ते द्रव्य, भरपूर असतं, बीटातही बऱ्यापैकी. एक जुडी पालक शिजवून चौघांनी खाणं आणि तीच जुडी कच्ची वाटून एकट्याने रोज पिणं, यात फार फरक आहे. मूतखडा होऊन गेलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. बाकीच्यांनी पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढावा, ते पाणी फेकून द्यावं आणि मग वाटावा. बरंचसं ऑक्झलेट पाण्यात उतरतं. जोडीला दही-ताक घ्यावं, कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. अळूचं पान कच्चं कधीही वाटू नका, घशाला खाजेलच.

शेवग्याचा पाला बहुतेकांच्या दारात किंवा शेजाऱ्याच्या दारात असतो आणि फुकट असतो. पण कच्चा रस उग्र लागतो, एक घोट पिऊन पेला खाली ठेवला जातो. तो पाला आमटीत, पिठल्यात, थालीपिठात घाला. गव्हांकुराचा रस मी ठेवत नाही. त्यातल्या क्लोरोफिलचं, म्हणजे पानांतल्या हिरव्या द्रव्याचं, थेट रक्त बनतं असं सांगून तो विकला जातो. क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, हिमोग्लोबिनमध्ये लोह. एकाचं दुसरं होत नाही. ज्यांना रक्त वाढवायचंय त्यांनी तेच पैसे खजूर, मटकी आणि आवळ्यावर खर्च करावेत, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत.

दुधी: आधी जिभेला लावा

हे सगळ्यांनी वाचावं, बाकी काही वाचलं नाही तरी.

दुधीचा रस टेकड्यांवर, बागांबाहेर सर्रास मिळतो. दुधी, काकडी, दोडका, कोहळा या सगळ्या एकाच कुळातल्या वेलभाज्या. या कुळात कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्यं तयार होतात. नेहमीच्या दुधीत ती नगण्य असतात, पण कडक उन्हाचा, पाण्याच्या ओढीचा ताण पडला किंवा रानटी कडू वेलाशी संकर झाला तर एखाद्या फळात ती भरमसाट वाढतात. बाहेरून काहीही कळत नाही. तोच गुळगुळीत, कोवळा, पोपटी दुधी. असा रस पोटात गेला की काही मिनिटांत ते काही तासांत उलट्या, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात, उलटीतून रक्त पडतं, रक्तदाब कोसळतो. यावर उतारा असं औषध नाही, रुग्णालयात सलाईन आणि देखरेखीवरच माणूस सावरतो. देशात यामुळे मृत्यू झाले आहेत. २०१८ साली आपल्या पुण्यातच दुधीचा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याची बातमी आली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने स्पष्ट सांगितलंय की कडू लागलेला दुधीचा रस पिऊ नये, आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नये.

दुसरी सूचना का, ते लक्षात घ्या. दुधी-कारलं असा एकत्र रस लोक मागतात, डायबेटीसला चांगला म्हणून. कारल्याच्या कडवटपणात दुधीचा विषारी कडवटपणा लपून जातो. जीभ हा आपल्याकडचा एकमेव पहारेकरी आहे आणि आपण त्याच्याच डोळ्यांवर पट्टी बांधतो. आल्या-लिंबाचंही तेच. मी दुधीत काही मिसळून देत नाही, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असो.

करायचं असं. दुधीच्या देठाकडची, मधली आणि शेंड्याची अशी तीन पातळ कापं काढा. प्रत्येक काप जिभेच्या टोकाला लावा, चावून बघा आणि थुंका. गिळू नका. किंचितही कडू लागलं तर अख्खा दुधी टाकून द्या. साल काढून, बिया काढून, मीठ चोळून, टोक घासून फेस काढून काही होत नाही. शिजवूनही तो कडूपणा जात नाही, त्यामुळे भाजीतही घालू नका, जनावरांपुढेही टाकू नका. आपल्या आया-आज्या काकडी-दुधी चिरताना फोड जिभेला लावूनच पुढे जायच्या. प्रत्येक दुधी वेगळा चाखायचा. एकाच वेलीवरचा आहे, एकाच पाटीतला आहे, म्हणून सोडायचा नाही. आणि रस तयार झाल्यावर पहिला चमचा आपण चाखायचा, मगच पेला भरायचा. बाहेर पिताना विक्रेता समोर चाखत नसेल तर त्याच्याकडे दुधी मागू नका. नकळत कडू रस प्यायला गेलाच आणि मळमळायला लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि दुधीचा रस प्यायलो हे तिथे पहिल्यांदा सांगा.

एवढं करून दुधीच्या रसातून मिळतं काय, तर मुख्यतः पाणी. कोहळ्याचंही तसंच. उन्हाळ्यात गार वाटतं, हलकं वाटतं, तेवढ्यासाठी घ्या. पोषणासाठी म्हणाल तर दुधीची मुगाची डाळ घालून केलेली भाजी कितीतरी वरचढ आहे.

पावसाळ्यात चूल पेटवा

आषाढ लागला की मी हिरवा रस बंद करते. पालेभाजी चिखलाने भरलेली येते, पानांच्या बगलेत अळ्या, आणि ती कुठल्या पाण्यावर वाढली याची खात्री नसते. मुंबईत तर रुळांकडेच्या पट्ट्यांत सांडपाण्यावर पिकवलेल्या पालेभाजीची चर्चा दरवर्षी होते. या दिवसांत पोट बिघडलं तर आदल्या महिन्याची कमाई वाया जाते. तेव्हा सार करा.

चार टोमॅटो, दोन गाजरं, लाल भोपळ्याची एक फोड, कुकरमध्ये दोन शिट्ट्या. साली काढून मिक्सरला फिरवा, दोन वाट्या पाणी घाला, तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता, एखादी मिरची. शिजवल्याने टोमॅटोचं लायकोपीन आणि गाजराचं कॅरोटीन उलट जास्त सहज मिळतं, आणि फोडणीचं तूप आयतंच जोडीला असतं. क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं, ते वाटीत वाढल्यावर वरून लिंबू पिळून परत मिळवायचं. मी तर म्हणेन, घरात वयस्कर माणसं असतील तर बारा महिने त्यांना कच्च्या रसाऐवजी हे सार द्या. दात लागत नाहीत आणि पोटाला बाधत नाही. साल गाळून टाकायची गरजही फक्त त्यांच्यासाठी, बाकीच्यांनी सालीसकट वाटावं.

किती आणि कुणी

दिवसाला एक फुलपात्र, साधारण दीडशे मिलिलिटर. पिंप भरून पिण्यात काही मोठेपणा नाही. मोठा पेला भरून निव्वळ गाजराचा रस काढायला अर्धा किलो गाजरं लागतात, तेवढी चावून कुणी खात नाही, आणि तंतू गेल्यामुळे त्यातली साखर रक्तात लवकर चढते. डायबेटीस असलेल्यांनी गाजर-बीट गाळून पिण्यापेक्षा त्यांची कोशिंबीर खावी, दाण्याचं कूट घालून. कारल्याचा रस घेत असाल आणि गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, डॉक्टरांना माहीत असू द्या. गरोदर बाईने कारल्याचा रस टाळावा, आणि बाहेरचा कच्चा कुठलाच घेऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना भाज्यांच्या रसातलं पोटॅशियम जड जातं. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर हिरव्या पाल्यातल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा असर कमी-जास्त होतो, तेव्हा विचारल्याशिवाय पालेभाजीचा रस सुरू करू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला रस नको. गाजर शिजवून, कुस्करून, थेंबभर तूप घालून द्या.

दोन-तीन दिवस नुसत्या रसावर राहून शरीर धुऊन काढायचं, असं करणारी तरुण मुलं आजकाल येतात. धुण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतच असतात. रसात प्रथिनं जवळजवळ नसतात. व्यायाम करून यायचं आणि अंगाला प्रथिनंच द्यायची नाहीत, हे मला बघवत नाही. अशा मुलांना मी रसाबरोबर वाटीभर मोड आलेली मटकी घ्यायला लावते.

काढलेला रस लगेच प्या. हवा लागली की क जीवनसत्त्व कमी होत जातं, चवही उतरते. डब्याबरोबर न्यायचाच असेल तर लिंबू पिळून, काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, फ्रीजमध्ये ठेवून दुपारच्या आत संपवा. बीटाचा रस बाहेर तर अजिबात ठेवू नका.

चोथ्याचं थालीपीठ

दोन पेले गाजर-बीट रसातून वाटीभर चोथा निघतो. त्यात दीड वाटी थालीपिठाची भाजणी, बारीक चिरलेला कांदा, मूठभर कोथिंबीर, तिखट, ओवा, तीळ, मीठ. पाणी आधी घालू नका. नुसतं चोळून पाच मिनिटं झाकून ठेवा, चोथ्यातली ओल भाजणी ओढून घेते. मग लागेल तसा पाण्याचा हबका मारत मळा. रस पिळायला घेतलेलाच पंचा स्वच्छ धुऊन ओला करा आणि त्यावर थापा. मधे पाच भोकं, तव्यावर टाकल्यावर प्रत्येक भोकात आणि कडेने तेल, वर झाकण. एक बाजू खरपूस झाली, कडा सुटल्या की उलटा. या भोकांतल्या तेलानेच चोथ्यात राहिलेलं कॅरोटीन अंगी लागतं. वर लोण्याचा गोळा असेल तर उत्तमच. बीटामुळे थालीपीठ लालसर दिसतं, आणि घरातली लहान मुलं ते रंगासाठी मागून खातात.

भाजणी नसेल तर ज्वारीचं आणि बेसनाचं पीठ निम्मं निम्मं. रोज थालीपीठ नको असेल तर चोथा पोळीच्या कणकेत मळा, डोशाच्या पिठात ढवळा, कोथिंबीर वडीत घाला, किंवा तेलावर परतून दाण्याचं कूट आणि लाल तिखट घालून सुकी चटणी करा. आवळ्याचा चोथा मात्र वेगळा ठेवा, तो तुरट लागतो. त्याला मीठ-जिरं लावून उन्हात वाळवला की सुपारी होते. हिरव्या रसाचा चोथा उरतच नाही, कारण तो गाळायचाच नाही. फ्रीजमध्ये चोथा एक दिवस टिकतो, दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला की कुंडीत घाला. आठवड्याचा साठवायचा असेल तर वाटीवाटीचे गोळे करून बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि थालीपीठ करायच्या आधी तासभर बाहेर काढा.